लिमयेबाईंचं डावं चाक

सन १९९९. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो आणि गाड्यांच्या कामात तोपर्यंत एकदाही चुकलो नव्हतो. हे माझं मत. माझ्या बायकोचं मत वेगळं होतं, पण तिला गाड्यांतलं काही कळत नाही.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत गेलो होतो, पण तिथं माझं आणि मास्तरांचं पटलं नाही. त्यामुळे या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मिस्त्री, चाळीस वर्षांचं काम लिहा," तेव्हा मी सरळ सांगितलं, एवढं कागदावर उतरायला आणखी चाळीस वर्षं लागतील. एक गोष्ट लिहितो. त्यांनी विचारलं, कोणती? म्हटलं, जी मी कुणाला सांगत नाही ती.

माझं गॅरेज सदाशिव पेठेत, बोळाच्या टोकाला. पत्र्याची शेड, तीन गाड्या मावायच्या, चौथी आली तर मी बाहेर. गिऱ्हाईक सगळं पेठेतलं, म्हणजे मला शिकवणारं. एक गृहस्थ गाडी आणायचेच नाहीत. चालत यायचे आणि तोंडाने आवाज काढून दाखवायचे. "मिस्त्री, तिसऱ्या गिअरला असं होतं: खर्रर्र... खर्रर्र... टुक्." इतका हुबेहूब आवाज काढायचे की मी गाडी न बघता सांगायचो, बेअरिंग गेलंय. आणि गेलेलं असायचं! गाडी दुरुस्त झाली की परत येऊन नवा आवाजही काढून दाखवायचे. शेडसमोरच्या बाकावर बसलेली माणसं म्हणायची, आता चांगली चालतेय.

शटरवर पाटी होती. मीच रंगवलेली. "दुपारी १ ते ४ बंद. गाडी पेटली असल्यास अग्निशामक दलास कळवावे." लोक हसायचे, पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. सकाळी सातला उघडणारा माणूस एक वाजता जेवून आडवा होणार. मी शेडमध्येच, मागच्या बाजूला सतरंजी टाकून झोपायचो. शटर एकदा खाली आलं की साक्षात गणपती आला तरी उंदराला बाहेर लावून बाकावर बसावं, असा माझा नियम होता.

तेव्हा दिवस बदलायला लागले होते. आधी गाड्या दोनच जातीच्या, दोन्ही मी डोळे मिटून उघडायचो. मग दर चार महिन्यांनी नवी गाडी यायला लागली. पेठेतली मुलं कंप्युटर शिकून अमेरिकेला जायची आणि तिकडून आईवडिलांसाठी गाडी घ्यायची. आईवडील ती गाडी रोज पुसायचे. चालवायचं कोणी नाही.

लिमयेबाई मात्र चालवायच्या.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वय बासष्ट. बुटक्या, चष्मा जाड, सीटवर उशी ठेवून बसायच्या. मुलगा अमेरिकेत, सन दोन हजार उजाडल्यावर तिथले कंप्युटर गोंधळतील की नाही ते बघायला गेलेला. त्याने पांढरी छोटी गाडी घेऊन दिली वडिलांना, म्हणजे अण्णांना. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांना गाडी चालवायची नव्हती, धुवायची होती. रोज सकाळी सहाला दोन बादल्या पाणी, त्यातली एक चाकांवर फेकून. मग बाई म्हणाल्या, आपण धुतो आहोत तर चालवूही. साठीत क्लास लावला आणि पहिल्या फटक्यात लायसन काढलं.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला त्या एकट्या खडकवासल्याला जायच्या. धरणाच्या भिंतीपाशी गाडी लावायची, भाजलेलं कणीस खायचं, तास-दोन तास पाण्याकडे बघत बसायचं आणि परत. मी एकदा विचारलं, "बाई, कणीस मंडईतही मिळतं की."

"मिळतं. पण तिथं मला हे नेऊन आणतात," त्या म्हणाल्या.

अण्णा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बघा. नेऊन आणतो हाही गुन्हा."

ऑक्टोबर महिना होता. एका सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शटर वाजलं. मी उठलो नाही. परत वाजलं.

"मिस्त्री, गाडीला वास येतोय. पुढच्या डाव्या चाकातून धूरही येतोय थोडा."

मी पडल्यापडल्या म्हणालो, "बाई, पाटी वाचा."

 मग आवाज आला, "वाचली. गाडी पेटलेली नाही, धुमसते आहे. धुमसणाऱ्या गाडीबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही."

"धुमसणारी गाडी चार वाजता बघतात," मी म्हणालो आणि कूस बदलली.

चार वाजता शटर उघडलं. चाकाला हात लावला, थंडगार. जॅकवर घेतलं, हाताने फिरवलं, भिंगरीसारखं फिरलं. ब्रेक दाबून सोडला, परत फिरवलं, फिरलं. मी म्हणालो, "काही नाही झालेलं. घेऊन जा." गुरुवारी एक वाजून पाच मिनिटांनी बाई परत हजर. तेच. परत चार वाजता चाक थंडगार, भिंगरी. मध्ये मी पाटीवर एक ओळ वाढवली होती, "धुमसणारी गाडीही चारनंतर." बाईंनी ती वाचली आणि "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा गाडीच्या पुढच्या चाकात लोखंडाची एक चकती असते, चाकाबरोबर फिरणारी. तिला दोन्ही बाजूंनी धरणारी सांडशी म्हणजे कॅलिपर. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या जोराने कॅलिपरमधला वाटीएवढा दट्ट्या पुढे सरकतो, सांडशी चकतीला धरते, गाडी थांबते. पाय उचलला की दट्ट्या केसभर मागे येतो आणि चकती मोकळी होते. दट्ट्याच्या तोंडावर रबराची टोपी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. टोपी फाटली की पाणी आत जातं, दट्ट्या गंजतो, आणि मग पाय उचलला तरी सांडशी सोडत नाही. गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच पळत राहते. एका बाजूला ओढते, चाक तापतं, जळका वास येतो. यालाच आम्ही म्हणतो कॅलिपर जाम झाला. पण पहिल्या-पहिल्यांदा असं असतं की तापला की धरतो आणि थंड झाला की आपसूक सोडतो. म्हणजे हा आजार गरम असतानाच बघायचा असतो. चाकाजवळ हात नेला तरी शेक लागतो. नुसता न्यायचा बरं का, टेकवायचा नाही.

हे मला माहीत होतं की नव्हतं? होतं. पण गाडी गरम असायची एक ते चार, आणि एक ते चार मी झोपलेला असायचो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या चाकाचं काम उन्हाळ्यात मीच केलं होतं, आणि मी केलेलं काम बिघडत नसे. मग उरलं कोण? बाई.

मी निदान केलं, "बाई, तुमचा पाय ब्रेकवरच असतो."

"नसतो."

"नवीन शिकलेल्यांचा असतो. कळत नाही त्यांना."

"मिस्त्री, छत्तीस वर्षं मी मुलींना सांगत आले, उत्तर चुकलं तर आधी आपली रीत तपासा. मी माझी तपासली. तुम्ही तुमची तपासा."

मी म्हटलं चला, फेरी मारू. त्या चालवायला, मी शेजारी. टिळक रस्त्यापर्यंत जाऊन आलो. गर्दीत गाडी सायकलच्या वेगाने, तेवढ्यात कॅलिपर कुठला तापतोय! वाटेत एक रिक्षा आडवी आली. बाईंनी शांतपणे गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही पाय कशाला दाबताय? तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

मला राग आला. आणि रागात माणूस जिथं जातो तिथं गेलो, समोरच्या अमृततुल्यात, चहाला. तिथं चार माणसांसमोर म्हणालो, "लिमयेबाईंचा पाय ब्रेकवरून उठत नाही. गाडी बिचारी काय करील?"

पेठेत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी बाई गाडी घेऊन निघाल्या तर भाजीवाली ओरडली, "बाई, पाय उचला!" कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "पाय उचला बरं का बाई!" शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता दोन मुलांची आई असलेली एक बाई स्कूटर थांबवून काळजीने म्हणाली, "बाई, पाय..." बाईंनी काच वर केली.

पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा धूर निघाला. या वेळी बाई माझ्याकडे आल्याच नाहीत. अण्णा आले, चार वाजता, एकटे.

"मिस्त्री, गाडी काढून टाकू. हिला जमत नाही. एखाद दिवशी गाडीसकट पेटून घेईल. तुम्हीच गिऱ्हाईक बघा, तुमच्या शब्दावर कोणीही घेईल."

हे शेवटचं वाक्य मला गोड लागलं. खोटं कशाला सांगू? मी त्याच दिवशी लोणी काळभोरच्या नामदेवनानांना निरोप धाडला. नाना माझे जुने गिऱ्हाईक, ऊस आणि झेंडूवाले. सुनेसाठी छोटी गाडी शोधत होते. बुधवारी ते बाजाराला आले तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "गाडीत दोष नाही. चालवणारीत आहे. माझा शब्द."

"तुझा शब्द म्हंजे झालं," नाना म्हणाले. "शुक्रवारी दहाच्या सुमाराला सुनेला घिऊन येतो आन् गाडी घिऊन जातो."

बाईंना हे अण्णांनी बुधवारी संध्याकाळी सांगितलं. बाई फक्त म्हणाल्या, "मग उद्या गुरुवार. शेवटचं कणीस खाऊन येते." आणि स्वयंपाकघरातून मेणबत्त्यांचा पुडा घेऊन खाली गेल्या.

गुरुवारी दुपारी शटर वाजलं नाही. मी छान झोपलो. चार वाजता उघडलं तर गाडी दारात, आणि बाई बाकावर बसलेल्या, मांडीवर पर्स, पर्सवर हात. एक वाजल्यापासून तिथेच होत्या.

"या मिस्त्री. झोप झाली?"

"झाली."

"मग हे बघा."

चाकांच्या चारही टोप्या त्यांनी काढून सीटवर ठेवल्या होत्या. प्रत्येक चाकावर, बोल्टांच्या शेजारी, सुपारीएवढा मेणाचा गोळा चिकटवलेला. सकाळी निघताना लावलेला. पुढचं उजवं चाक, गोळा शाबूत. मागची दोन्ही, शाबूत, बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते. पुढचं डावं चाक? गोळा नाही. मेण वितळून रिमवर पसरलेलं आणि पुन्हा गोठलेलं, देवासमोरच्या तबकासारखं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही उठेपर्यंत चाक थंड होतं. मेण थंड झालं तरी वितळलं होतं हे लपवू शकत नाही."

मी बघत राहिलो. चौथी शिकलेला असलो तरी एवढं कळलं. पण तोंडातून काय बाहेर पडावं?

"ऊन," मी म्हणालो. "ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं. त्या बाजूला लागलं असेल."

"दोन्ही डाव्या चाकांना एकच ऊन. मागच्याचं का नाही वितळलं?"

 अमृततुल्यातली माणसं कप घेऊन बाहेर येऊन उभी राहिली होती.

"आणि मी पाय ठेवला असता," बाई वर्गात बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तर दोन्ही पुढच्या चाकांचं वितळलं असतं. एका पायाने एकच चाक कसं दाबायचं ते मला दाखवा, मी शिकते."

कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "बसा गाडीत."

सिंहगड रस्त्याने वडगावपर्यंत गेलो आणि परत आलो. जाताना मी पूर्ण वाकून बाईंच्या पायाकडे बघत होतो. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं माझ्याकडे बघत होती, पण मी नजर हलवली नाही. पाय ब्रेकवर गरज लागली तेव्हाच गेला. उगाच टेकलेला कधीच नाही. माझा स्वतःचा पाय एवढा शिस्तीचा नाही. आणि परत येताना, धायरी फाट्याच्या पुढे, गाडी डावीकडे ओढायला लागली. वास आला. मला नाक आहे. 

गॅरेजसमोर उतरलो. सगळी माणसं बघत होती. चाळीस गावच्या मेकॅनिकांना मी शिकवलेलं आहे की हात नुसता जवळ न्यायचा. पण त्या वेळी मला तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना दाखवायचं होतं की अजूनही चाक थंडच आहे. मी तळहात सरळ रिमवर ठेवला.

जो आवाज माझ्या तोंडून निघाला तो त्या तोंडाने आवाज काढणाऱ्या गृहस्थांना जमला नसता. चहावाल्याने धावत येऊन माझ्या हातावर थंड दूध ओतलं. बाईंनी पर्समधून रुमाल काढून बांधला. बांधताना म्हणाल्या, "आता तरी पटलं?"

"बघतो," मी म्हणालो.

एका हाताने चाक काढलं, कॅलिपर उतरवला. रबराची टोपी फाटलेली. आत दट्ट्यावर गंज, तांबडा, बाजरीच्या दाण्याएवढे फोड. अण्णांच्या रोजच्या बादलीचं पाणी तिथून आत गेलेलं. मी मनात म्हटलं, सापडला चोर, अण्णा! आणि मग ती टोपी उजेडात धरली. ती झिजून फाटली नव्हती. तिला एक सरळ काप होता, पाव इंचाचा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाएवढा. उन्हाळ्यात पॅड, म्हणजे सांडशीतल्या चकतीला घासणाऱ्या पट्ट्या, बदलताना दट्ट्या मागे ढकलायला एक साधन असतं. मी ते वापरत नाही. मी स्क्रू ड्रायव्हर घालून मागे रेटतो, कारण तीस वर्षं तसंच केलेलं.

म्हणजे रबर फाडलं मी, पाणी घातलं अण्णांनी, आणि सगळ्या पेठेत पाय उचला ऐकून घेतलं बाईंनी.

हे मी त्या वेळी कोणाला बोललो नाही. दट्ट्या पार खराब झाला होता, नवा आणला, नवं रबर, आतलं सगळं साफ, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावलं, तेल भरून नळीतली हवा काढली. हवा काढायला कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. बाई सीटवर बसल्या. मी खालून म्हणायचो "दाबा", "सोडा", आणि त्या दाबायच्या, सोडायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. उगाच नाही सांगत, कॉलेज शिकलेल्या पोरांनाही हे काम धड येत नाही.

साडेसहाला अण्णा शोधत आले. बाई गाडीतून न उतरता म्हणाल्या, "गाडी विकायची नाही."

"अगं, उद्या दहाला माणूस येतोय. शब्द दिलाय."

"मी नाही दिला."

"मीही नाही दिला," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "मिस्त्रींनी दिलाय."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी हाताला बांधलेला रुमाल नीट करत बसलो. माझ्या आयुष्यात मी शब्द फिरवला नव्हता. शब्द फिरवायचा म्हणजे कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं तर त्यात मी येतो. फोन करावा म्हटलं तर लोणीची तार आठवडाभर तुटलेली. शेवटी अण्णाच कळवळून म्हणाले, "जाऊ दे गं. ते लोक सुनेला घेऊन येतील, दारातून कसं परत पाठवायचं? देऊन टाकू."

बाईंनी किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. अण्णांकडेही दिली नाही, माझ्याकडेही नाही. "तुम्ही दोघं ठरवा," म्हणाल्या आणि घरी चालत गेल्या. गुरुवारच्या दिवशी, एवढं सगळं सिद्ध करून, चालत.

त्या रात्री मी जेवलो नीट, पण बायकोने विचारलं काय झालं तर काही झालं नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच स्कूटर काढली आणि एका हाताने जपत लोणी काळभोरला गेलो. नाना अंगणात दात घासत होते. मला बघून चूळ भरली. "एवढ्या सकाळी? आमी येतच हुतो की दहाला."

"येऊ नका. गाडी मिळणार नाही."

"का? कोणी जास्तीचं गिऱ्हाईक आलं का?"

"नाही. मालकीण चालवते आहे."

"तू तर म्हणाला दोष चालवणारीत हाय."

"दोष चाकात होता. आणि चाकात मी घातला होता."  नाना ब्रश धरून उभे. "मी चुकलो, नाना."

नानांनी ब्रश खिशात घातला. "पुन्हा म्हण."

"मी चुकलो."

"थांब." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "ए, बाहेर ये गं! सूनबाईला बी आण! म्हातारीला बी धरून आण! दत्तू मिस्त्री पुन्हा म्हणतोय, लवकर या, परत ऐकायला मिळायचं न्हाई!"

सगळी आली. हातात पीठ, डोक्यावर पदर, म्हातारी काठी टेकत. ओसरीवर रांगेत उभी राहिली. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून मला ते तिसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

म्हटलं.